चांगला खेळाडू दिसला की तोंड फिरवा

अभिनंदन! अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे तुम्ही मुख्य प्रशिक्षक झालात. विद्यापीठाचं नाव कशाला हवं, असे संघ पैशाला पासरी आहेत. आधीचे प्रशिक्षक 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' गेले. क्रीडा संचालकांनी तुमच्या नेमणुकीच्या पत्रकात 'नवी उभारणी' असं आवर्जून म्हटलंय. नवी उभारणी म्हणजे पैसे मिळणार नाहीत.

आता पहिलं काम, खेळाडू जमवणं. इथेच नवखे प्रशिक्षक माती खातात. ते चांगले खेळाडू शोधायला निघतात.

दर ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या ज्युपिटरला शाळकरी मुलांची एक मोठी स्पर्धा भरते. एकाच आवारात ओळीने मैदानं, आणि मधल्या रस्त्यांवरून गोल्फच्या गाड्या पळत असतात. त्यांत मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक आणि व्यावसायिक क्लबांचे स्काउट बसलेले. एखादा सतरा वर्षांचा उंचापुरा पोरगा माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, उभा राहिला की जाळीमागे चेंडूचा वेग मोजणाऱ्या ढीगभर रडार गन एकदम वर होतात. चेंडू सुटतो, गन खाली येतात, माना वहीत जातात. कोणी कोणाशी बोलत नाही. तिथे क्षणभरही रेंगाळू नका. ज्याच्यासाठी गन वर गेल्या तो एक तर ड्राफ्टमधून, म्हणजे व्यावसायिक क्लबांच्या खेळाडू-निवडीतून, थेट एखाद्या क्लबकडे जाईल, नाहीतर दक्षिणेतल्या एखाद्या बड्या विद्यापीठाकडे. तुमच्याकडे तो फक्त स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला येईल.

तुम्ही पार्किंगच्या बाजूचं शेवटचं मैदान गाठा. तिथे ताशी ८२ मैलांनी चेंडू टाकणारा एक मुलगा असतो आणि जाळीला नाक लावून उभे असलेले त्याचे वडील असतात. वडिलांच्या हातात मुलाच्या आकड्यांचं बाड असतं. चेंडू किती गरगरतो, बॅटवरून किती वेगाने सुटतो, सगळं त्यात आहे. या बापाने पोराच्या फिरत्या क्लबवर, खासगी शिकवण्यांवर आणि हॉटेलांवर इतका खर्च केलाय की तेवढ्यात तुमच्या कॉलेजची बरीचशी फी भरून झाली असती. हे त्यांना सांगू नका. बाड हातात घ्या, दोन पानं उलटा आणि 'अरे वा' म्हणा.

संपर्काच्या तारखा मात्र पाळा. मुलगा अकरावीला जाण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत प्रशिक्षकाने त्याच्याशी बोलायचं नाही, असा नियम २०२३ मध्ये आला. त्याआधी मिसरूडही न फुटलेली आठवी-नववीतली पोरं विद्यापीठांना तोंडी शब्द देत आणि प्रशिक्षकही देत. दोघांचाही शब्द सारख्याच किमतीचा असे.

मुलाला कॅम्पस दाखवायला बोलवाल ते सप्टेंबर-ऑक्टोबरातच. मेपलची पानं लाल झालेली असतात, हवा छान असते, हिरवळीवर मुली पुस्तकं घेऊन बसलेल्या असतात. फेब्रुवारीत चुकूनही बोलावू नका. कॉलेज बेसबॉलचा मोसम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि तेव्हा तुमच्या दुसऱ्या बेसवर बर्फ असतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पहिले तीन-चार आठवडे संघ दक्षिणेत पाहुणा म्हणून फिरतो आणि महिनाभर उन्हात सराव केलेल्या मुलांकडून मार खातो. तुमची मुलं तोवर जिममध्ये, जाळीच्या पिंजऱ्यात, दिव्याखाली चेंडू मारत असतात. उंच उडालेला चेंडू कसा दिसतो हे आउटफिल्डरला पहिल्या सामन्यातच कळतं. मुलाने हवामानाविषयी विचारलंच, तर बसमध्ये वायफाय आहे असं सांगा.

कोणी म्हणेल, उत्तरेकडचे संघही जिंकतात की! हो, जिंकतात. ओहायो स्टेटने १९६६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०१९ मध्ये मिशिगन अंतिम फेरीत गेलं आणि व्हँडरबिल्टकडून हरलं. एवढ्या भांडवलावर तुम्ही निर्धास्तपणे 'इतिहास घडवू या' असं पोस्टर छापू शकता.

पैशाचं म्हणाल तर पूर्वी मोठी सोय होती. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वात वरच्या गटातल्या, संघाला बेसबॉलसाठी ११.७ शिष्यवृत्त्या, यापेक्षा जास्त नाहीत. त्या तुकडे करून सत्तावीस जणांत वाटायच्या, प्रत्येकाला निदान पाव तरी. तो ०.७ माणूस कोण, हे कोणालाच कधी कळलं नाही, पण गरीब आणि श्रीमंत दोघांच्या पानात वाढलेलं सारखंच दिसायचं. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या दाव्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने तीही सोय गेली. जी विद्यापीठं त्यात सामील झाली त्यांनी जास्तीत जास्त ३४ जणांचा संघ ठेवायचा आणि ऐपत असेल तर चौतीसही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायची. शिवाय सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी, २०२५-२६ ला, सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर थेट वाटायची मुभा. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल खाणार हे उघड आहे. तुमच्या संचालकांना जुन्या ११.७ चेही पैसे जमत नव्हते. फरक इतकाच की पूर्वी 'नियमच तसा आहे हो' म्हणून हात वर करता यायचे.

तरी समजा, तुमचं नशीब फुटकं निघालं आणि तो ८२ मैलवाला मुलगा सुधारला. तुमच्या पिचिंग कोचने त्याची पकड बदलली, हिवाळाभर वजनं उचलायला लावली, आणि दुसऱ्या वर्षी तो ९४ टाकायला लागला. हा सर्वात धोक्याचा प्रसंग. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आहे, २०२१ पासून एकदा वर्ष वाया न घालवता विद्यापीठ बदलता येतं, आणि २०२४ पासून कितीही वेळा. त्यात १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची परवानगी. जूनमध्ये त्याचा फोन येईल. 'कोच, तुमच्याकडून खूप शिकलो,' असं तो म्हणेल आणि ते खरंच असेल. पाठवणी करताना वधुपिता जसा हसतो तसं हसायचं आणि शिफारसपत्र लिहायला बसायचं.

पॉल स्कीन्सचं उदाहरण घ्या. कोलोरॅडोतल्या एअर फोर्स अकादमीत तो दोन वर्षं पिचिंगही करायचा आणि कॅचर म्हणूनही उभा राहायचा. तिसऱ्या वर्षी तिथेच राहिला असता तर लष्करी सेवा बांधून घ्यावी लागली असती, तेव्हा त्याच्या जाण्याला ठोस कारण होतं. तो लुइझियाना स्टेटला गेला. २०२३ मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, स्कीन्स त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर त्याला ९२ लाख डॉलर देऊन घेतलं. फोटोत जर्सी कोणाची होती ते सांगायला नकोच.

३४ च्या मर्यादेमुळे बड्या संघांतून गळलेली मुलं आता तुमच्या दाराशी येतील, असं आशावादी लोक सांगतात. येतील, खरंच येतील. वर्षभर भरपूर खेळतील, हात बरा करून घेतील आणि पुन्हा वर जातील. तुमच्या भाड्याच्या खोलीत चांगला भाडेकरू टिकत नाही, एवढंच.

म्हणून सांगतो, खरा बेताचा मुलगा निवडा. त्याच्या बेतालपणाची नव्हे, बेताचेपणाची खात्री करून घ्या. चार वर्षं त्याला कोणी फोन करणार नाही. 'पहिल्या दिवसापासून खेळशील' हे तुमचं आश्वासन तुम्ही पाळू शकाल, कारण दुसरं कोणी नसेलच.

एखादी चौकस आई विचारेल, 'चार वर्षं हा संघ राहील ना?' इथे चेहरा गंभीर ठेवा. प्रॉव्हिडन्स कॉलेजने १९९९ च्या मोसमानंतर बेसबॉल बंद करायचं आधीच जाहीर केलं होतं. त्या शेवटच्या मोसमात मुलांनी बिग ईस्ट या विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा जिंकून दाखवली. संघ बंद झाला तो झालाच. बॉयसी स्टेटने चाळीस वर्षांनी २०२० मध्ये संघ पुन्हा उभा केला आणि त्याच वर्षी गुंडाळला. तेव्हा आईला म्हणा, 'आमच्या डिग्रीला बाजारात फार मान आहे.'

आणि आदर्शच हवा असेल, तर पासाडेनाच्या कॅलटेक या तंत्रविद्यापीठाकडे बघा. डिव्हिजन थ्रीचा संघ, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, प्रवेशाला गणित-विज्ञान आणि तेही अंगावर येणारं. २००३ पासून हा संघ सलग २२८ सामने हरला, आणि त्याचे खेळाडू पळवायला कोणीही आलं नाही.

२०१२ मध्ये या संस्थेने स्वतःहून कबुली दिली की आपल्याकडे नियमभंग झालाय. तिथे तेव्हा विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीचे काही आठवडे वेगवेगळे वर्ग बसून बघत आणि मग नाव नोंदवत. तोवर कागदोपत्री ते पूर्णवेळ विद्यार्थी नसत, म्हणून खेळायला पात्रही नसत, आणि त्याच काळात बारा खेळांतले तीस जण खेळून गेले होते. शिक्षा झाली. तीन वर्षं देखरेख, ५,००० डॉलर दंड, त्या खेळाडूंनी मिळवलेले विजय रद्द (बेसबॉलवाल्यांकडे रद्द करायला २००३ नंतरचा एकही नव्हता), आणि २०१२-१३ या वर्षात कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू शोधायला बंदी.

त्याच मोसमात, २ फेब्रुवारी २०१३ ला, कॅलटेकने पॅसिफिका कॉलेजला ९-७ असं हरवलं.

खेळाडू शोधायची बंदी असताना! आता तुम्हीच बघा. संचालकांना विश्वासात घ्या, नोंदणीच्या नियमात एखादी बारीकशी चूक करा आणि लगेच स्वतःच कळवून टाका. दंडाचे पैसे मात्र आधी मंजूर करून घ्या, नंतर मिळणार नाहीत.