हिरव्या डोक्याचा दगड

आमच्या बेड्यासमोर, म्हणजे आवाराच्या फाटकासमोर, एक मैलाचा दगड आहे. त्याच्यावर अंतर किलोमीटरमध्ये लिहिलेले आहे, तरी तो मैलाचाच. त्याचे डोके हिरवे आहे, म्हणजे रस्ता राज्याचा; पिवळे असते तर राष्ट्रीय महामार्ग दारातून जातो असे सांगून मला सोयऱ्यांत थोडी अधिक प्रतिष्ठा मिळाली असती. पण मिळाले त्यात समाधान मानून मी सोळा वर्षे रोज संध्याकाळी त्या हिरव्या डोक्याला टेकून उभा राहिलो आणि राज्याला शिव्या घातल्या.

शिव्या घालण्यासाठी राज्यासारखा सोयीचा मालक दुसरा नाही. तो लांब असतो. त्याचे बांधकामाचे छोटे कार्यालय तालुक्याच्या गावी, मोठे जिल्ह्याच्या ठिकाणी आणि सर्वांत मोठे मुंबईत मंत्रालयात, तर माझ्या आवाजाची धाव समोरच्या किराणा दुकानापर्यंत. त्यामुळे शब्द निवडताना कोणाच्या भावना जपाव्या लागत नसत. आमच्या दारातला खड्डा जूनमध्ये परातीएवढा असे, नागपंचमीला बैलगाडीचे चाक मावेल एवढा होई आणि गणपतीच्या सुमारास त्यात म्हैस निवांत बसू शकली असती. त्याच्या वाढीबरोबर माझी भाषाही वाढत जाई. लोक ऐकायला थांबत.

हा रस्ता राज्याकडून नगरपरिषदेकडे यावा, अशी मागणी गावात जुनीच होती, पण तिला खरा जोर आला तो 2017 साली, आणि तो खड्ड्यांमुळे आला नाही. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूची विक्री बंद, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी दिला होता आणि त्याची झळ 1 एप्रिल 2017 पासून बसू लागली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी हे अंतर आदल्याच दिवशी 220 मीटर करण्यात आले, परंतु आमचे गाव डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले असल्यामुळे रस्त्यापासून 220 मीटर मोजायला गेले की माणूस एक तर कोणाच्या तरी कलमांच्या बागेत शिरे किंवा खाडीत पाय घाली. मग देशभर जे चालले होते तेच आमच्याकडे सुरू झाले: महामार्गच राज्याचा राहिला नाही तर अंतर कशापासून मोजणार? रस्ता नगरपरिषदेकडे द्यावा असे एक निवेदन तयार झाले आणि ते माझ्या ओटीवर सहीसाठी आले. मी सुपारीच्या खांडालाही न शिवणारा मनुष्य, पण खड्ड्याच्या ओढीने सही केली. वर पाहिले तर माझ्या आधीच्या दोन्ही सह्या परमिट रूमच्या मालकांच्या होत्या. आमच्या सौ.ने ते पान वाचले आणि त्या रात्री वाढताना आमटीची वाटी नेहमीपेक्षा जोरात ठेवली.

त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, शहराच्या हद्दीतील परवान्यांच्या आड हा आदेश येत नाही. परमिट रूम उघडल्या, निवेदन करणाऱ्यांचा उत्साह ओसरला आणि रस्त्याची फाइल मात्र, कोणी थांब म्हणाले नाही म्हणून, चालत राहिली. सरकारी फाइल ही पालखीसारखी असते. खांदेकरी बदलतात, काही तर मध्येच घरी जातात, पण एकदा उठली की ती कुठे तरी टेकल्याशिवाय राहत नाही. गेल्या वर्षी ती टेकली. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, दोन्हीकडच्या अभियंत्यांनी टेप धरून संयुक्त पाहणी केली आणि सुमारे तीन किलोमीटर लांबी, मोऱ्या, गटारे आणि साइडपट्ट्यांसह, ‘आहे त्या स्थितीत’ नगरपरिषदेच्या ताब्यात आली. त्या तीन शब्दांत माझा खड्डाही आला. मी पेढे वाटले.

अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. सवयीप्रमाणे संध्याकाळी दगडाला टेकलो, घसा साफ केला आणि पहिलाच शब्द ओठावर अडला. कारण आता रस्ता ज्यांच्या ताब्यात होता, त्या नगरपरिषदेत आमच्या प्रभागाचा नगरसेवक म्हणजे सौ.चा मावसभाऊ. ज्याच्या मुंजीत मी मातृभोजनाच्या पंगतीत तूप वाढले होते, त्याच्या आईवडिलांचा उल्लेख रस्त्यावर उभे राहून कसा करायचा? घरात सांगितले तर तो लगेच येतो, ओटीवर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, “भावोजी, पावसाळ्यात डांबराचा प्लँट बंद असतो. तोवर डबर टाकतो.” डबर म्हणजे चिऱ्याचे तुकडे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे पडतो तिथे जांभ्याच्या तुकड्यांवरून दोन दिवस टेम्पो गेले की त्याचे काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. खड्डा पूर्वी काळा होता तो तांबडा झाला, आणि माझ्या पांढऱ्या लेंग्यावर त्याचा पुरावाही उमटू लागला.

तोंडी बोलणे नात्यामुळे बंद झाले, म्हणून मी लेखीवर आलो आणि माहितीच्या अधिकारात अर्ज केला. आपल्या राज्यात हा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा लागतो. माझ्या संध्याकाळच्या भाषणांची सवय पाहता 150 शब्दांत खड्डा बसवणे म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबाला एका रिक्षात बसवणे. शिवाय ‘खड्डा’ आणि ‘गटार’ हे दोन विषय होतात, असे खिडकीवर सांगण्यात आले, तेव्हा गटार मोठ्या मनाने सोडून दिले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. पाचव्या दिवशी उत्तर आले की, माहिती बांधकाम खात्याकडे असल्याने अर्ज कलम 6(3) नुसार तिकडे वर्ग केला आहे. कायद्यात त्यासाठी पाच दिवसांचीच मुदत आहे, आणि ती इतकी काटेकोर पाळलेली मी दुसरी मुदत पाहिलेली नाही. खात्याने तोच अर्ज, रस्ता आता आपला नाही म्हणून, त्याच कलमाने परत पाठवला. आमच्याकडे सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर चाळीस नावे असतात, वाटणीच्या वेळी चाळीसही हजर असतात आणि बेणणीच्या वेळी कोयती एकट्यालाच घ्यावी लागते; इथे तर नाव घालायलाही कोणी पुढे येईना.

शेवटी तिसाव्या दिवशी शिपाई स्वतः उत्तर घेऊन आला. त्याने आधी पाय धुवायला पाणी मागितले. मी न्हाणीकडून तांब्या आणून दिला. गुडघ्यापर्यंतचा तांबडा चिखल त्याने पायरीवर उभे राहून धुतला, मग चिखलाचा बोटाचा ठसा उमटलेला लिफाफा माझ्या हाती दिला. आत लिहिले होते: ‘सदर खड्ड्याबाबत माहिती अभिलेखावर आढळून येत नाही.’ मी त्याला ते वाचून दाखवले. त्याने चप्पल झटकत एकदा रस्त्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहिले आणि मला म्हणाला, “सही करा.”

त्यानंतर मेव्हण्याला बहुधा घरातूनच काही ऐकावे लागले असावे, कारण चार दिवसांनी त्याने नगरपरिषदेच्या तरुण अभियंता बाईंना दारात आणून उभे केले. सोळा वर्षांत माझ्या खड्ड्याकडे वाकून पाहणारा हा पहिला अधिकारी. बाईंनी छत्रीचे टोक पाण्यात घालून खोली पाहिली, मग खड्डा सोडून भलतीकडेच, म्हणजे माझ्या आवाराच्या दगडी गडग्याकडे, पाहायला सुरुवात केली.

“काका, डांबराला गाड्यांपेक्षा पाण्याचं भय जास्त असतं,” त्या म्हणाल्या. “कडेला पाणी साचलं की ते डांबर आणि खडी यांच्यामध्ये शिरतं, वरून चाक गेलं की दाबलं जातं आणि खडी सुटते. भरून काही उपयोग नाही. पाणी कुठून येतं ते बघायला हवं.”

पाणी कुठून येत होते हे सांगायला अभियांत्रिकीची पदवी लागत नव्हती. गडग्याच्या कडेने वरून येणारे गटार माझ्या बेड्यापाशी येऊन संपत होते, कारण तिथे मी मोटरसायकल आत घेण्यासाठी सिमेंटचा उतार बांधला होता. त्याखाली सहा इंची पाइप टाकला होता, हे मी आवर्जून निदर्शनास आणून दिले. बाईंनी छत्रीच्या मुठीने पाइपातून एक ओढून काढले. ते नारळाचे सोडण होते. मग दुसरे. मागोमाग पाचोळा आणि आमच्याच घरातली हरवलेली एक करवंटी.

पूर्वी असे होत नसे, हेही इथे कबूल केले पाहिजे. मे महिन्यात खात्याचा मैलकुली फावडे-घमेले घेऊन येई, पाइपात बांबू घालून तो मोकळा करी आणि जाताना रायवळ आंब्यांची पिशवी घेऊन जाई. उताराबद्दल तो वर काही बोलत नसे आणि आंब्यांबद्दल मी. तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी कोणी आले नाही. ज्या राज्याला मी सोळा वर्षे लांबचे म्हणून नावे ठेवत होतो, त्याच्या लांब असण्यावरच माझा उतार उभा होता.

बाई गेल्यावर मेव्हण्याने चहाचा कप खाली ठेवला आणि बशीकडे पाहत सांगितले, “भावोजी, नोटीस मी गणपतीपर्यंत अडवून धरतो. पण उतार तुम्हीच फोडलेला बरा. माझ्या घरच्यांचाच उतार राहिला तर बाकीच्या अकरा जणांना मी काय सांगू?” रस्ता जवळच्या माणसांच्या हाती यावा म्हणून सही केली होती ती मीच.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली तेव्हा मी पहार काढली. संध्याकाळी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची होती; पाट महिन्यापूर्वीच देऊन ठेवला होता, आणि रिक्षात तो पाट दर वर्षीप्रमाणे माझ्याच मांडीवर येणार होता, म्हणून शाडूची सोंड आणि तो खड्डा यांच्यात जे काही घडेल ते माझ्या डोळ्यांदेखत घडणार होते. सिमेंट चांगले पडले होते, कारण ते मी स्वतः उभे राहून घालून घेतले होते. तासाभरात जेमतेम हातभर तुकडा निघाला. पाणी खालून वाट काढत गटारात उतरले.

वर पाहिले तर तीन शेजारी हिरव्या डोक्याच्या दगडाला टेकून उभे होते. त्यातला एक, ज्याच्या दारात माझ्यापेक्षा मोठा उतार आहे, बराच वेळ पाहून म्हणाला, “काय रे, हे काम राज्याचं चाललंय की नगरपरिषदेचं?”