जळक्या गावाला राजाची मदत: या गोष्टीतलं खरं किती?

एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: जुन्या इंग्लंडमध्ये एखादं गाव आगीत भस्मसात झालं की राजा लगेच मदत पाठवी. देशातल्या प्रत्येक चर्चमध्ये त्या गावासाठी वर्गणी होई. मध्ये दलाल नसे, पै न पै जळितग्रस्तांच्या हाती पडे. पुढे विमा कंपन्या आल्या आणि ही माणुसकी संपली. शेवटी अर्थातच ‘नाहीतर आपल्याकडे बघा’ हा टोमणा.

सगळीच थाप असती तर सोडून दिली असती. पण यातलं एक वाक्य अगदी खरं आहे आणि त्याच्या आडून बाकीची खपून जातात.

‘राजा लगेच मदत पाठवी.’ राजा सहसा मदत देत नसे, मदत मागायची परवानगी देत असे. या परवान्याचं नाव ‘ब्रीफ’. राजमुद्रा लावलेलं खुलं पत्र: अमक्या परगण्यातल्या तमक्या गावात अमुक तारखेला आग लागली, इतक्या पौंडांचं नुकसान झालं, तरी धर्मशील प्रजेने यथाशक्ती दान करावं. परवाना लागे, कारण जळितग्रस्त म्हणून गावोगाव हात पसरत फिरणं हा गुन्हा ठरू शकत होता. आगीत नुकसान झाल्याच्या सबबीवर भीक गोळा करणाऱ्यांना १७४४ च्या कायद्याने सरळ भटक्या-उनाडांच्या यादीत बसवलं होतं.

आणि ‘लगेच’ तर नाहीच नाही. आधी सुतार-गवंड्यांकडून नुकसानीचा अंदाज शपथेवर घ्यायचा. मग क्वार्टर सेशन्स, म्हणजे परगण्याची दर तिमाहीला भरणारी अदालत, तिथे अर्ज करायचा. तिथले न्यायाधीश म्हणजे बहुतेक आसपासचे जमीनदारच. त्यांचा दाखला लंडनला लॉर्ड चॅन्सेलरच्या, म्हणजे राजमुद्रा सांभाळणाऱ्या मंत्र्याच्या, कचेरीत पोचवायचा, तिथे मंजुरी, मुद्रा, छपाई, आणि प्रत्येक टेबलावर फी. छप्पर गेलेल्या माणसाने ही पायपीट करायची, किंवा त्याच्या वतीने गावातल्या कोणा वजनदार माणसाने. दोन-तीन झोपड्या जळालेल्या मजुरांसाठी एवढी यंत्रणा हलवणं परवडणारच नव्हतं. पहिल्या रात्रीचा आसरा, पहिली भाकर शेजारपाजारच्या गावांकडूनच येई. कितीतरी चर्चच्या जमाखर्चाच्या वह्यांत ‘आगीत सर्वस्व गेलेल्या वाटसरूला’ दिलेल्या चार-सहा पेन्सच्या नोंदी सापडतात. खरी तातडीची मदत ती होती, पण ती त्या फिरत्या मजकुरात येत नाही.

राजाने स्वतः काही दिलंच नाही असंही नाही. २० सप्टेंबर १६७५ ला नॉर्थहॅम्प्टन जवळजवळ सगळं जळालं, तेव्हा दुसऱ्या चार्ल्सने सरकारी जंगलातून १,००० टन इमारती लाकूड दिलं आणि घरातल्या चुलींवरचा कर सात वर्षं माफ केला. तिथल्या ऑल सेंट्स चर्चच्या दर्शनी भागावर त्याचा पुतळा आजही उभा आहे. पण नॉर्थहॅम्प्टन हे परगण्याचं मुख्य शहर. अशी कृपा सोम्यागोम्या खेड्यांच्या वाट्याला येत नसे.

आता ते खरं वाक्य: ‘देशातल्या प्रत्येक चर्चमध्ये.’ हे खरोखर थक्क करणारं आहे. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात ब्रीफ उपासनेतल्या कोणत्या टप्प्यावर वाचायचं तेही ठरवून दिलेलं आहे. पाद्री वाचून दाखवी, चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभारी, बाकांवरून किंवा दाराशी उभा राहून पैसे गोळा करी, जमलेला आकडा कागदाच्या पाठीवर लिहून सही होई आणि कागद परत जाई. इंग्लंडच्या एका टोकाच्या खेड्यातल्या बाईने दुसऱ्या टोकाच्या, कधी नावही न ऐकलेल्या गावासाठी एक पेनी टाकायची, हे ना तार ना रेल्वे अशा काळात घडत होतं. त्या नोंदींवरूनच आज कळतं की अमक्या वर्षी तमकं गाव जळालं होतं.

पण दर आठवड्याला कोणी हात पसरला की देणाऱ्याचाही हात आखडतो. डायरीकार सॅम्युएल पेपिस ३० जून १६६१ च्या रविवारी चर्चमधून आला आणि त्याने लिहून ठेवलं की ब्रीफचा हा धंदा आता दर रविवारचाच झाला आहे, तेव्हा यापुढे काही द्यायचं नाही असं ठरवलं. माणूस खाऊनपिऊन सुखी, आरमाराच्या कचेरीत चांगल्या हुद्द्यावर. गंमत अशी की पेपिस घराण्याचं मूळ केंब्रिजशरमधल्या कॉटनहॅम गावचं, आणि पंधरा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते कॉटनहॅमच मोठ्या आगीत सापडलं. दोन तृतीयांश गाव गेलं असं सांगतात. मग कॉटनहॅमच्या नावाचं ब्रीफ देशभर वाचलं गेलं. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १६७७ ला, श्रॉपशरमधल्या वेमला एका घरातल्या मेणबत्तीने छपराचा पेंढा पेटला आणि सुमारे १४० घरं गेली. पुन्हा ब्रीफ, पुन्हा तेच बाक, तीच माणसं.

‘मध्ये दलाल नसे, पै न पै पोचे.’ खरी गोम इथे आहे.

दलाल होते, आणि त्यांचा रीतसर हुद्दा होता: ‘अंडरटेकर’. ब्रीफच्या हजारो प्रती पॅरिशांपर्यंत (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) पोचवायच्या, पैशांसकट परत आणायच्या, हे काम ते घेत. त्यातले काही जळितग्रस्तांना आधीच एक ठोक रक्कम देऊन अख्खं ब्रीफच विकत घेत. पुढे जमेल ते ठेकेदाराचं. गरजवंताला अक्कल नसते. हातात रोख पडत असेल तर उद्याच्या मोठ्या आकड्याची वाट कोण पाहणार? १७०५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून हा ठेका बंद केला आणि त्यासाठी ५०० पौंडांचा दंड ठेवला. इतका जबर दंड ठेवावा लागला यावरूनच तो धंदा किती बोकाळला असेल ते दिसतं.

चोऱ्याही झाल्या. १६६६ च्या लंडनच्या आगीनंतर देशभरातून जळितग्रस्तांसाठी जे पैसे आले, त्यातले १,८०० पौंड लंडनचा त्या काळचा लॉर्ड मेयर सर विल्यम बोल्टन याने दाबल्याचा आरोप झाला. पेपिसच्याच डायरीत डिसेंबर १६६७ मध्ये त्याचा उल्लेख आहे.

पण माझ्या मते चोर आणि ठेकेदार हा मुद्दा दुय्यमच. सगळे प्रामाणिक असते तरी पैसे गळतच होते, कारण गळती दरपत्रकातच होती. ऑर्टनचे पाद्री आणि कायदेपंडित रिचर्ड बर्न यांनी शेजारच्या रेव्हनस्टोनडेलच्या ब्रीफचा हिशेब छापून ठेवला आहे. ते ब्रीफ आगीचं नव्हतं, चर्च नव्याने बांधण्यासाठीचं होतं. यंत्रणा मात्र हीच. एकूण ९,९८६ प्रती फिरल्या. जमा ६१४ पौंड १२ शिलिंग ९ पेन्स. खर्च ३३० पौंड १६ शिलिंग ६ पेन्स. हाती उरले २८३ पौंड १६ शिलिंग ३ पेन्स. म्हणजे १०० पैकी जवळपास ५४ खर्चात गेले.

जरा जवळून बघा. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगचे १२ पेन्स. त्या हिशेबाने एका प्रतीमागे सरासरी पावणेपंधरा पेन्सच्या आसपास जमले. अंडरटेकरची मजुरी होती प्रतीमागे सहा पेन्स. जमलेल्या रकमेवर टक्केवारी नाही, तर कागदामागे ठरलेला आकडा. एखाद्या श्रीमंत पॅरिशने पौंडभर दिला तरी सहा पेन्स, आणि डोंगरातल्या गरीब पॅरिशने कसेबसे पाच पेन्स गोळा केले तरी सहाच. अशा पॅरिशमधल्या विधवेची पेनी जळितग्रस्तापर्यंत पोचतच नव्हती, उलट तिच्या गावात कागद नेल्याने फंडातून आणखी एक पेनी गेली. ‘प्रत्येक चर्च’ ही ब्रीफची शान, तोच त्याचा खड्डा. सगळ्या प्रतींची ही मजुरीच झाली जवळपास २५० पौंड. राजमुद्रा, सह्या, छपाई आणि बाकी किरकोळ मिळून खर्चातले उरलेले सुमारे ८१ पौंड. यात कुणी एक पेनीही चोरलेली नाही, सगळं कायदेशीर.

‘जळितग्रस्तांच्या हाती’ या शब्दांबद्दल एवढंच सांगतो की नुकसान मोजलं जाई ते मालमत्तेचं: इमारती, कोठारातलं धान्य, गवताच्या गंजी, सामान. ज्याचं जास्त जळालं त्याचा आकडा मोठा. भाड्याच्या खोपटात राहणाऱ्या मजुराचं सगळं जाऊनही कागदावर ते थोडंच दिसे.

राहता राहिला विमा. ‘विमा आला आणि माणुसकी संपली’ हे तारखांतच बसत नाही. निकोलस बार्बनने लंडनमध्ये आगविम्याचं दुकान थाटलं ते १६८० च्या सुमारास. ‘हँड इन हँड’ १६९६ ची, ‘सन फायर ऑफिस’ १७१० चं. आणि ब्रीफची पद्धत पार्लमेंटने बंद केली १८२८ मध्ये. शंभरहून जास्त वर्षं दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती, कारण गवताने शाकारलेल्या घराला विम्याचा हप्ता जास्त पडे आणि शेतमजुराला तो झेपण्यातला नव्हता. विमा शेतकऱ्याच्या कोठाराचा, ब्रीफ बाकीच्यांचं, असं बऱ्याच ठिकाणी असणार. ब्रीफ बंद पडलं ते लोक निर्दय झाले म्हणून नाही. जमलेल्या पैशाला पाय फुटतात, हे देणाऱ्यांना आणि पार्लमेंटला दोघांनाही कळून चुकलं होतं.

ज्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल त्यांच्यासाठी पुरावाही शाबूत आहे. शेवटचा अंडरटेकर, स्टॅफर्डचा जॉन स्टीव्हन्सन सॉल्ट, याने १८२९ मध्ये १७५४ पासूनची आपल्याकडची सगळी ब्रीफं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली.