‘बाबासाहेबांनी फक्त सही केली’ : फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

१४ एप्रिल, २६ नोव्हेंबर, ६ डिसेंबर. या तारखा जवळ आल्या की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. संविधानाचा मसुदा बेनेगल नरसिंह राव यांनी आधीच तयार केला होता. प्रत्यक्ष लिहिलं ते प्रेमबिहारी रायजादा यांनी. बराचसा मजकूर १९३५च्या ब्रिटिश कायद्यातून उचललेला आहे. आंबेडकरांना समितीत जागा भरायला घेतलं आणि त्यांनी फक्त सही केली. ‘हे संविधान मी जाळेन’ असं पुढे ते स्वतःच म्हणाले. आणि लोकांनी त्यांना निवडणुकीत दोनदा पाडलं.

यातलं प्रत्येक वाक्य धादांत खोटं असतं तर उत्तर देणं सोपं होतं. पण जवळपास प्रत्येक वाक्यात एक खरा तुकडा आहे आणि त्याच्या आधाराने भलताच निष्कर्ष गळी उतरवला जातो. आपल्याकडची शिकलेली, एरवी विचार करून बोलणारी माणसंही हा मजकूर पुढे ढकलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मसुदा राव यांचा होता’

सुरुवातीचा मसुदा राव यांचा होता, हे पूर्ण खरं आहे. ते घटना समितीचे सल्लागार होते, कायद्याचे मोठे जाणकार होते, आणि ऑक्टोबर १९४७मध्ये त्यांनी २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं असलेला कच्चा मसुदा तयार केला. हे कुणी लपवलेलं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात आंबेडकरांनी स्वतःच सांगितलं की मला दिलं जाणारं श्रेय माझं एकट्याचं नाही. त्यातला काही भाग राव यांचा, काही मसुदा समितीतल्या सहकाऱ्यांचा, आणि बराच मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारखी आपल्याहून जाणती माणसं समितीत होती, असंही ते त्याच भाषणात म्हणाले. म्हणजे मजकुरात ‘दडवलेलं सत्य’ म्हणून जे सांगितलं जातं, ते भर सभागृहात आंबेडकरांनीच नोंदवून ठेवलेलं आहे.

आता त्या मसुद्याचं पुढे काय झालं ते पाहा. आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८मध्ये घटना समितीच्या अध्यक्षांना सादर केलेल्या मसुद्यात ३१५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती. अंतिम संविधानात कलमं ३९५ झाली. मधल्या काळात सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या.

त्यांना उत्तरं कोणी दिली? राव घटना समितीचे सदस्य नव्हते. त्यांना सभागृहात बोलता येत नव्हतं, मत देता येत नव्हतं. उत्तरं देण्याचा मुख्य भार आंबेडकरांवर होता. समोर ह. वि. कामत होते, के. टी. शाह होते, शिब्बनलाल सक्सेना, ठाकूरदास भार्गव, हसरत मोहानी होते. स्वल्पविरामापर्यंत बारकाईने दुरुस्त्या सुचवणारे नझीरुद्दीन अहमद होते. त्यांनी तर मसुदा समिती नुसती भरकटते आहे असं म्हणून तिला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ असं नवं नावच ठेवलं, आणि आंबेडकरांनी त्याचाही समाचार शेवटच्या भाषणात घेतला. प्रत्येक सूचना वाचायची, ती स्वीकारली तर पुढच्या कोणत्या कलमाला धक्का लागतो ते पाहायचं, उभं राहून सांगायचं की ही मान्य आहे, ही नाही, आणि का नाही. नागरिकांच्या स्वातंत्र्यावरचे निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही भार्गवांची सूचना त्यांनी घेतली. तो एक शब्द आज १९व्या कलमाचा कणा आहे, त्याच्याच आधारे न्यायालयं सरकारचे निर्बंध तपासतात. संविधानात ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द घालण्याची शाह यांची सूचना त्यांनी नाकारली, आणि नाकारण्याची कारणं दिली. ती पटोत न पटोत, नुसती सही करणारा माणूस असं करत नाही.

टी. टी. कृष्णम्माचारी काँग्रेसचे, आंबेडकरांचे अनुयायी मुळीच नव्हेत. ५ नोव्हेंबर १९४८ला त्यांनी सभागृहात सांगितलं की सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतले होते, एकदोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर होते. अखेर मसुद्याचा भार आंबेडकरांवरच पडला. या भाषणावरून ‘एकट्याने लिहिलं’ असं म्हणणारेही आपल्यात आहेत. तेही बरोबर नाही, आणि बाबासाहेबांनाही ते मान्य नव्हतं हे वर आलंच आहे.

आणखी एक गोष्ट या मजकुरात कधीच नसते. राव यांचा मसुदा शून्यातून आला नव्हता. घटना समितीच्या वेगवेगळ्या समित्यांचे निर्णय त्यात एकत्र केले होते, आणि मूलभूत हक्कांच्या उपसमितीत आंबेडकर स्वतः होते. मार्च १९४७मध्ये त्यांनी सविस्तर निवेदन तयार केलं होतं. मूलभूत हक्कांवर घाला आला तर सर्वोच्च न्यायालयाला बंदीप्रत्यक्षीकरणासारखे (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असे) आदेश काढता आले पाहिजेत, हे त्यात कलमांच्या भाषेत लिहिलेलं आहे. राव यांच्या मसुद्याआधी सात महिने. पुढे ३२व्या कलमावर बोलताना, ९ डिसेंबर १९४८ला, ते म्हणाले की या कलमाशिवाय संविधान निरर्थक ठरेल, हाच त्याचा आत्मा आणि हेच त्याचं हृदय. त्या वाक्यामागे किती वर्षांचा विचार होता, ते त्या निवेदनावरून कळतं.

‘रायजादांनी लिहिलं’

रायजादा यांनी संविधानाची इंग्रजी प्रत सुंदर अक्षरात हाताने लिहून काढली, आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चित्रांनी सजवली. हा सुलेखनाचा मोठा ठेवा आहे. मजकूर कोणी ठरवला या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही. सहीचंही तसंच. २४ जानेवारी १९५०ला २८४ सदस्यांनी सह्या केल्या.

‘१९३५च्या कायद्याची नक्कल’

हा आरोप १९४८मध्येच झाला होता आणि त्याचं उत्तरही तेव्हाच दिलं गेलं. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना आंबेडकर म्हणाले की उसनं घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, संविधानाच्या मूळ कल्पनांवर कुणाची मालकी नसते. खंत त्यांना एवढीच होती की १९३५मधून घेतलेला भाग मुख्यतः प्रशासनाच्या तपशिलाचा आहे. हे तपशील संविधानात का घालावे लागले, याचं उत्तर त्याच भाषणात आहे. लोकशाहीची सवय समाजात मुरलेली नसताना कारभाराचा तपशील विधिमंडळावर सोडला, तर संविधानाला हात न लावताही कारभाराची पद्धत बदलून त्याचा आशय मोडता येतो, असं त्यांनी बजावलं.

१९३५च्या कायद्यात मूलभूत हक्कांचा भाग नव्हता, अस्पृश्यता नष्ट करणारं १७वं कलम नव्हतं. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींना बांधलेला होता. प्रौढ मताधिकाराची मागणी आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या वेळी, १९२९च्या आपल्या स्वतंत्र अहवालात केली होती. ३२६व्या कलमाने ती सगळ्या देशासाठी खरी झाली. ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांनी या कलमांचं मूळ १९३५च्या कायद्यात दाखवावं.

‘जागा भरायला घेतलं’

आंबेडकर १९४६ला बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. फाळणीमुळे ते सदस्यत्व गेलं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी राजीनामा दिल्याने मुंबईची एक जागा रिकामी होती. ३० जून १९४७ला घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून आंबेडकरांना मुंबईतून निवडून पाठवायला सांगितलं. मतभेद काहीही असोत, समितीतलं आणि उपसमित्यांतलं त्यांचं काम पाहता त्यांच्या सेवेला आपण मुकता कामा नये, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या काँग्रेसशी आंबेडकरांचा उभा दावा होता, त्या पक्षाच्या माणसाने हे लिहिलं ते त्यांचं काम पाहून.

ते काम १९४७ला सुरू झालेलं नव्हतं. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३पासून ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार पाठवायला सॉलिसिटर तयार नसत, तो काळ. १९२६मध्ये पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे, जवळकर, बागडे यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी अपील चालवलं आणि तिघांना सोडवलं. १९३४मध्ये र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते उच्च न्यायालयात उभे राहिले आणि हरले. लैंगिक शिक्षणाबद्दल लिहिणाऱ्याची बाजू तेव्हा घ्यायची म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणं होतं. मला तो हरलेला खटलाही त्यांच्या वकिलीतला फार मोठा वाटतो. शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवलं आणि १९३५ ते १९३८ तिथे प्राचार्य होते.

कायदेमंडळातही ते नवखे नव्हते. १९२७पासून मुंबई विधिमंडळात, १९२८ला महार वतनासंबंधीचं (गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या जमिनीचं) विधेयक, १९३७ला कोकणातली खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक. ही विधेयकं त्यांनी स्वतः मांडली, सरकारी बाकांशी भांडत. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं. १९४७पर्यंत कायदा लिहिणं, तो सभागृहात मांडणं, त्यासाठी हरणं आणि जिंकणं, या सगळ्यातून हा माणूस वीस वर्षं गेला होता.

‘स्वतःच म्हणाले, जाळेन’

हो, म्हणाले. २ सप्टेंबर १९५३, राज्यसभा, आंध्र राज्याच्या विधेयकावरची चर्चा. तुम्हीच संविधान केलंत असं कुणी सुनावल्यावर ते उसळून म्हणाले की मी सांगकाम्या होतो, सांगितलं ते बरंचसं मनाविरुद्ध केलं, आणि ते जाळायला मी पहिला पुढे येईन. मजकूर इथे थांबतो. चर्चा कशाची होती ते सांगत नाही. भाषावार राज्यांत मोठ्या जातींच्या हाती सगळी सत्ता एकवटेल आणि लहान समूह चिरडले जातील, म्हणून राज्यपालांना त्यांच्या संरक्षणाचे अधिकार द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हा राग संरक्षण अपुरं पडतंय म्हणून होता.

दीड वर्षाने, १९ मार्च १९५५ला, त्याच सभागृहात त्यांना या वाक्याची आठवण करून देण्यात आली. त्यांनी कारण सांगितलं. आम्ही देवासाठी मंदिर बांधलं, पण देवाची स्थापना होण्याआधीच सैतानाने ते बळकावलं. मग मंदिर पाडण्यावाचून दुसरं काय करणार? त्याच भाषणात मालमत्तेच्या ३१व्या कलमाबद्दल ते म्हणाले की ती नेहरू, पटेल आणि गोविंद वल्लभ पंत यांच्यातली तडजोड होती, मसुदा समिती त्याची जबाबदारी घेत नाही. ज्याने फक्त सही केली, तो कोणतं कलम आपलं आणि कोणतं नाही हे वेगळं काढून दाखवू शकत नाही. समितीच्या अध्यक्षाला सभागृहाचे निर्णय कलमांत उतरवावे लागतात, स्वतःला न पटलेलेही. राज्य समाजवादाची, म्हणजे मुख्य उद्योग आणि शेती सरकारच्या मालकीची करण्याची, त्यांची योजना मान्य झाली नाही, तरी त्यांनी काम सोडलं नाही.

‘लोकांनी दोनदा पाडलं’

१९५२ला उत्तर मुंबईत आणि १९५४ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते हरले, हे खरं आहे. १९५२पासून अखेरपर्यंत ते राज्यसभेत होते, हेही तितकंच खरं आहे. निवडणूक हरल्याने आधी केलेलं काम पुसलं जात नाही, यावर जास्त बोलायची गरज नाही.

१९५२च्या पराभवाच्या थोडं आधी काय झालं ते मात्र सांगायला हवं, कारण राव यांच्याविषयीच्या पहिल्या दाव्याचा निकाल तिथे लागतो. हिंदूंच्या विवाह, वारसा अशा बाबींच्या कायद्याच्या संहितेचा (हिंदू कोड बिलाचा) मसुदा करण्यासाठी १९४१ला समिती नेमली गेली, १९४४ला तिचं काम पुन्हा सुरू झालं, आणि तिचे अध्यक्ष हेच बेनेगल नरसिंह राव होते. मसुदा उत्तम होता, पण त्याचा कायदा झाला नाही. कायदामंत्री म्हणून आंबेडकरांनी तो पुढे नेला, विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीत त्याची फेरमांडणी केली, वर्षानुवर्षं शिव्याशाप झेलत सभागृहात लढले. सप्टेंबर १९५१मध्ये चार कलमं मंजूर झाल्यावर सरकारने विधेयक सोडून दिलं, आणि त्यांनी २७ सप्टेंबरला राजीनामा दिला. वर्गावर्गांतली आणि स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत राहणं म्हणजे शेणाच्या ढिगावर महाल बांधणं, असं त्यांनी राजीनाम्याच्या निवेदनात लिहिलं.

पुढे १९५५-५६मध्ये विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक यांचे चार वेगळे कायदे झाले. त्यांतले विवाहाचे आणि वारशाचे कायदे केंद्रीय मंत्री हरिभाऊ पाटसकरांनी संसदेतून पार नेले. मसुदा केला की कायदा झाला, हा या मजकुराचा न्याय इथे लावला तर हे सगळे कायदे राव समितीने १९४७लाच केले असं म्हणावं लागेल. पण १९५१ला, भाऊ असताना, मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत वाटा मागता येत नव्हता. मसुदा तेव्हाही तयार होता.