यादीत नाव नसेल तर आधार दाखवून मतदान करता येत नाही

लोकसभा-विधानसभा निवडणूक आली की तोच मेसेज फिरतो: नाव नसेल तर आधार दाखवून ‘४९ए’खाली चॅलेंज व्होट मागा, टेंडर मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान.

निवडणूक संचालन नियमांतला नियम ४९ए मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे! चॅलेंज, म्हणजे मतदाराच्या ओळखीवर आक्षेप, उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी घेतो, २ रुपये भरून (४९जे). टेंडर मत (४९पी) खरं आहे: तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल, तर केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरं द्या, नमुना १७बी वर सही करा. मत कागदी मतपत्रिकेवर, यंत्रावर नाही. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. १४ टक्क्यांचा नियमच नाही. नाव नसेल तर नमुना ६ (नावनोंदणीचा अर्ज) भरा, तोही आधीच. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नाव चढत नाही.