काही घाई नाही

तुमच्या घरच्या भाजणीच्या चकल्या खाऊन सोसायटीतल्या चार जणांनी "अहो, तुम्ही हे विकायला का नाही काढत?" असं म्हटलं, की बाजारपेठेचा अभ्यास पूर्ण झाला असं समजावं. या चौघांकडून ऑर्डरचे आगाऊ पैसे मागून बघू नये. अभ्यास बिघडतो.

आमच्याकडे हा अभ्यास २०२२ च्या दिवाळीत झाला, ठाण्यातल्या नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. त्यानंतर धंदा वाढवण्याचा जो अनुभव गाठीशी आला तो तुम्हाला फुकट द्यायला बसलोय. फुकट अशासाठी, की पैसे मागायची मला सवय नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी भाव ठरवून टाकू. गोखले रोडवरच्या एखाद्या नावाजलेल्या दुकानात जायचं, पाव किलो चकली घ्यायची, पाकिटावरून किलोचा भाव काढायचा आणि त्यातून वीस रुपये वजा करायचे. झाला आपला भाव. त्या दुकानदाराने ४०० रुपये किलो कशाच्या जोरावर लावले, तो तेल किती डबे एकदम उचलतो, त्याची जागा आजोबांनी घेतलेली की भाड्याची, या त्याच्या घरच्या गोष्टी झाल्या. आपण ३८०.

कोणी फारच खोदून विचारलं तर कागदावर मांडून दाखवावं. किलोमागे तांदूळ, डाळी, धने-जिरे, तीळ आणि गिरणीवाल्याचे मिळून ११०. तेल ९०. गॅस २५. डबा आणि लेबल ३०. मोडलेल्या चकल्यांचे २०; या चकल्या नातेवाइकांना द्यायच्या असतात, ते पुढच्या वेळी अख्ख्या मागतात. मदतीला येणाऱ्या मावशींचे ५०. एकूण ३२५. उरले ५५.

यात एक मजुरी धरलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? आलं असेल तर धंदा तुमचं काम नाही. जी बाई पहाटे पाचला उठून भाजणी भाजते, मोहन घालून पीठ मळते, दिवसभर सोऱ्या दाबते, तळते आणि संध्याकाळी डबे भरून त्यावर लेबलं चिकटवते, ती घरची असते. पहिल्याच वर्षी माझ्या बायकोने विचारलं होतं, "अहो, यात माझे किती?" मी म्हटलं, "अगं, सगळं तुझंच तर आहे." हे वाक्य पाठ करून ठेवा. एवढ्या स्वस्तात दुसरा कामगार मिळत नाही. ती काही बोलली नाही. दुधाच्या हिशेबाच्या वहीत तिने काहीतरी लिहून ठेवलं, बस्स.

आता जागा. घरातून धंदा म्हणजे छंद, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असेलच. गाळा घ्यायच्या आधी त्या रस्त्यावर गिऱ्हाईक किती फिरतं ते मोजावं असं जाणकार म्हणतात, आणि ते मला पटतं. मी मोजलं. दिवाळी पहाटेला सकाळी आठ वाजता राम मारुती रोडवर उभा राहिलो. ठाण्याबाहेरच्यांसाठी सांगतो: त्या दिवशी तिथे आणि तलावपाळीला अख्खं तरुण ठाणं नवे कपडे घालून लोटतं, पाय ठेवायला जागा नसते. मी मनात म्हटलं, यातल्या शंभरात एकाने पाव किलो घेतली तरी बास. ही सगळी मंडळी एकमेकांना बघायला येतात, दहा वाजता घरी जातात आणि आईने केलेल्या चकल्या खातात, हा तपशील मोजणीत बसत नव्हता.

तर आतल्या गल्लीत गाळा घेतला. भाडं ४५ हजार, डिपॉझिट वेगळं, करार अकरा महिन्यांचा. किलोमागे ५५ सुटतात म्हणजे नुसतं भाडं निघायला महिन्याला ८१८ किलो चकली विकावी लागते, रोजची २७ किलो, रविवार-अमावस्या धरून. हे गणित करारावर सही केल्यानंतर करावं. आधी केलं तर हात थरथरतो आणि सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही. आमचा खप दिवसाला नऊ किलो होता. श्रावणात सात.

दुकानाला नाव देताना चकली हा शब्द टाळा. तो ऐकून लोकांना खायची इच्छा होते, ब्रँड लक्षात राहत नाही. भाच्याने सुचवलं, 'द क्रंची स्पायरल'. पाटी मराठीत, देवनागरीत आणि ठळक हवी असा महाराष्ट्रात नियम आहे, म्हणून आम्ही 'द क्रंची स्पायरल' हे देवनागरीत ठळक लिहिलं. उद्घाटन २०२३ च्या गुढीपाडव्याला झालं. फुलांना, फ्लेक्सला आणि एका स्थानिक पुढाऱ्याच्या हाराला मिळून जो खर्च आला, त्यात दीड महिन्याचं तेल आलं असतं. भाच्याने रीलही काढलं. सोऱ्यातून चकली पडतानाचं ते रील खूप लोकांनी पाहिलं, बहुतेक सगळे कोल्हापूर आणि नागपूरचे. त्यांनी बदाम पाठवले. बदाम चकलीत चालत नाहीत.

कागदपत्रांकडे जरा वळू, कारण खरा रुबाब तिथे आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२० पासून होते. आधार, पॅन आणि मोबाइल लागतो, एकही कागद चढवावा लागत नाही आणि फी शून्य. शून्य! ज्याला किंमत नाही त्याला कोण विचारतं? म्हणून तिरंगी पट्टी आणि सिंहाचं चित्र असलेल्या दुसऱ्याच एका संकेतस्थळावर जाऊन अडीच हजार रुपये भरावेत. मी भरले. प्रमाणपत्र तेच आलं, पण माझं जास्त मोलाचं आहे.

जीएसटीचंही तसंच. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पुढे गेलात तरी दीड कोटीपर्यंत कंपोझिशनची सोय आहे: उलाढालीवर एक टक्का भरा, तीन महिन्यांनी एकदा चलन, मोकळे व्हा. पण तुमचं कार्ड बघणारा माणूस काय म्हणेल? आमची उलाढाल अकरा लाख असताना मी साधी, पूर्ण नोंदणी घेतली, कारण कार्डावर पंधरा अक्षरांचा नंबर भरदार दिसतो. मग रिटर्न आले. ते वेळेवर भरण्यात कसली मजा? उशिराला दिवसाला ५० रुपये पडतात; म्हणजे एक कटिंग आणि दोन वडापाव. महिनाभर दुकान बंद ठेवलंत, विक्री शून्य झाली, तरी सरकार तुम्हाला विसरत नाही. शून्याचं रिटर्न राहिलं तर दिवसाला २०. सीएचा फोन आला की म्हणावं, "बघतो, काही घाई नाही."

कर्जाबद्दल एवढंच सांगेन, की मुद्रा योजनेतल्या कर्जांची नावं फार बोलकी आहेत. पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. तुम्ही अजून रांगत असाल तर तरुणच मागा. तारण लागत नाही, म्हणजे हप्ताही लागत नसावा, असं मला बरेच महिने वाटत होतं.

गल्ल्याचं मात्र नीट समजून घ्या. गल्ला आपलाच असतो. त्यातून दूधवाला, मुलाच्या क्लासची फी, मेव्हण्याच्या साखरपुड्याचं पाकीट, सगळं काढावं, आणि रात्री उरतं त्याला नफा म्हणावं. घरखर्चाला ठरावीक पगार घ्यायचा, धंद्याचं खातं वेगळं ठेवायचं, ही माणसात फूट पाडणारी पद्धत आहे. आमच्याकडे जूनमध्ये नफा चांगला दिसायचा, कारण तेलवाल्याचं बिल जुलैत यायचं.

एवढ्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीची ऑर्डर आली. २०२३ च्या दिवाळीला ३०० फराळाचे डबे, डब्याला ६५० रुपये. एक लाख पंच्याण्णव हजार! बायको, मावशी, मावशींची सून, आठवडाभर घरात तेलाचा वास आणि अनारशाचं पीठ. आगाऊ रक्कम मागावी का, असा विचार क्षणभर आला होता. पण समोरचे साहेब आपल्याच आळीतले निघाले, त्यांची मोठी बहीण माझ्या शाळेत होती. अशा माणसाकडे पैसे मागायचे? डबे वेळेच्या आदल्या दिवशी पोचवले.

दिवाळीत विचारलं तर म्हणाले, "सुट्ट्या होऊ देत." तुळशीच्या लग्नाला म्हणाले, "फाइल वर गेलीय." संक्रांतीला सही करणारे परदेशात होते. फेब्रुवारीत गडकरी रंगायतनला मध्यंतरात साहेब वड्याच्या रांगेत भेटले. मला बघून तेच म्हणाले, "अरे, तुमचं अजून राहिलंय ना हो?" आता ऐका, हा क्षण महत्त्वाचा आहे. तोंड उघडून "हो" म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. माझ्या तोंडून आलं, "छे छे, काही घाई नाही!" आणि त्यांच्या वड्यांचे पैसेही मीच दिले. मार्चमध्ये फोन केला तर इयर एंड होता.

आता कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही चुकून वापरणार नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात लिहिलंय, की नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाने माल बनवून किंवा सेवा दिली, तर घेणाऱ्याने पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. चुकला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे मिळत नाही, पण चकली आपण बनवतो, म्हणजे आपल्याला मिळतं. २०२४ पासून आयकरातही अशी मेख मारलीय, की मुदत उलटल्यावर मार्चअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चच्या आधी एक साधं पत्र गेलं, तर कंपनीचा हिशेबनीस स्वतःहून फोन करतो म्हणे. तक्रारीसाठी तेव्हा 'समाधान' नावाचं पोर्टलदेखील होतं. पण मी म्हणतो, समाधान मनात असावं लागतं. साहेबांच्या बहिणीला काय वाटलं असतं?

माझ्याकडे जांभळी नाक्याच्या ज्या व्यापाऱ्याचं धान्य आणि तेल यायचं, त्याची उधारी २१ दिवसांची. बाविसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याचा फोन. आवाज गोड, आईची तब्येत विचारायचा, पाऊस कसा आहे विचारायचा, आणि मग म्हणायचा, "आज मुलाला पाठवू का पैसे घ्यायला?" माझ्या घरी मयत झालं तेव्हा भेटायला आला, आणि तेराव्यानंतर त्याच आवाजात त्याने तेच विचारलं. या माणसाला लाज कशी वाटत नाही, याचं मला फार आश्चर्य वाटायचं. त्याची तिसरी पिढी त्याच गाळ्यात बसते.

अशा वेळी धंद्यात पैसा अडकलेला असताना दुसरी शाखा काढावी. मी घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे काढली. तिकडे टॉवर आहेत, टॉवरमध्ये माणसं आहेत, माणसांना दात आहेत. माल नौपाड्यातून स्कूटरवर जायचा. तीन हात नाका, कापूरबावडी, मानपाडा, मेट्रोचे खांब, खड्डे आणि कंटेनर पार करून पिशवी पोचेपर्यंत चकलीची भाजणी झालेली असायची. चार महिन्यांत शाखा बंद केली. हा भाग मी फारसा वाढवत नाही, तुम्ही स्वतः अनुभवा.

मुख्य गाळ्याचा करारही पुढे वाढवला नाही. आता पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आहोत, आणि कसं कोण जाणे, महिन्याकाठी चार पैसे उरतात. सोसायटीतले चौघं अजूनही म्हणतात, "तुम्ही दुकान का नाही टाकत?"

हे सगळं तुमच्यासाठी लिहायचं म्हणून टेबल आवरत होतो, तर पेपरांच्या गठ्ठ्याखाली एक बिल सापडलं. छापील. वरती बायकोचं नाव, खाली 'फराळ जॉबवर्क'. दुधाच्या वहीतले तास तारखेनिशी उतरवलेले, सोऱ्याचे वेगळे, तळणीचे वेगळे, लेबलांचे वेगळे. कोपऱ्यात उद्यम नंबर, नोंदणीची तारीख २१ मार्च २०२३, म्हणजे आमच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची. तळाला बारीक अक्षरात: लेखी करार नाही, सबब मुदत १५ दिवस, पुढे व्याज, महिन्याला चक्रवाढ.

मी स्वयंपाकघरात गेलो. "हा नंबर काढायला किती घेतले गं तुझ्याकडून?"

"फुकट असतो तो. भाजणी भाजता भाजता केला."

"बरं. घरातलंच आहे म्हणा. काही घाई नाही ना?"

तिने झाऱ्याने चकली उलटली. "अहो, बिल टेबलावर ठेवून आज चौदावा दिवस आहे."