त्या फॉरवर्डमधून गाळलेली माणसं

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज पालकांच्या, शिक्षकांच्या, अगदी आमच्या भावकीच्या ग्रुपवरही फिरतोय. सार असं: दिल्लीच्या झोपडपट्टीतली मुलं भिंतीतल्या संगणकावर आपणहून शिकली, नायजेरियात एआयने सहा आठवड्यांत दोन वर्षांचा अभ्यास करून घेतला, सॉफ्टवेअरने गणित सुधारतं हे सिद्ध झालंय, मग कमी पटाच्या शाळांत पगारावर पैसा घालवण्यापेक्षा पोरांच्या हाती टॅब द्या. मी द्विशिक्षकी शाळेत शिकवतो, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे. तो कबूल करूनच पुढचं लिहितोय.

आधी ती भिंत. 1999 साली सुगत मित्रा या शिक्षणसंशोधकाने दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला, हे खरं. माऊस चालवणं, चित्रं काढणं मुलं कुणी न शिकवता शिकली, हेही खरं, आणि मला ते आजही भारी वाटतं. पण याच सुगत मित्रा यांनी पुढे तमिळनाडूतल्या कलिकुप्पममध्ये मुलांपुढे जैवतंत्रज्ञानाचा इंग्रजी मजकूर ठेवला. आपली आपण मुलं चाचणीत 30 टक्क्यांपर्यंत पोचली. मग त्यांनी काय केलं? मुलांच्या ओळखीची, पण विषयाचं ओ की ठो न कळणारी एक तरुणी त्यांच्या मागे उभी केली. तिचं काम एवढंच, की कौतुक करायचं आणि हे कसं जमलं म्हणून विचारत राहायचं. गुण 50 टक्क्यांवर गेले. हे मित्रा स्वतः भाषणात सांगतात. फॉरवर्डमध्ये भिंत आली, ताई गळाली.

नायजेरियाचा प्रयोग 2024 चा, एडो राज्यातला, जागतिक बँकेचा. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, जोडीजोडीने मुलं कोपायलट या एआय चॅटबॉटपुढे बसायची. वर्गात मार्गदर्शनाला शिक्षक होतेच. ज्यांच्याशी तुलना झाली, त्या मुलांना असा जादा तास मिळालाच नव्हता. त्यामुळे फायद्यातला एआयचा वाटा किती आणि जादा तासाचा, शिक्षकाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय ‘दोन वर्षं’ कुणी मोजलेली नाहीत. गुणांतल्या फरकाचं वर्षांत रूपांतर केलंय.

सॉफ्टवेअरचा मुद्दा सगळ्यांत दमदार, म्हणून इथे जरा थांबतो. दिल्लीत माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या केंद्रांवर साडेचार महिन्यांत मुलांचं गणित आणि हिंदी दोन्ही चांगलं सुधारलं. 2019 साली तो शोधनिबंध छापून आला. पण रोजच्या दीड तासातली 45 मिनिटंच संगणकाची होती. उरलेली 45 मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटाला माणूस शिकवत होता. गुजरातेत ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांत तर आणखी गंमत झाली. संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी ठेवला तिथे मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून ठेवला तिथे पुढे गेली.

माझ्या वर्गातलं सांगतो. चौथीतल्या एका मुलीने टॅबवर 52 वजा 27 चं उत्तर 35 दिलं. टॅब म्हणाला, चूक, पुन्हा प्रयत्न करा. तिने 36 टाकलं, मग 34, मग पर्याय संपत आले तसं 25. चांदणी मिळाली! मी मागून बघत होतो. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून तिने उलटं, 7 मधून 2 काढले होते. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, "यातल्या सात दे." ती दोन काड्यांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सर, एक गठ्ठा सोडू का?" चांगलं सॉफ्टवेअरही अशी चूक पकडतं, हे मान्य. आमच्याकडे आलेलं तसलं नव्हतं, आणि बहुतेक शाळांच्या वाट्याला आमच्यासारखंच येतं, असा माझा अंदाज.

राहिला पैसा. पेरू देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना वाटले. 319 ग्रामीण शाळांत 15 महिन्यांनी तपासलं, तर गणितात आणि भाषेत फरक शून्य. याउलट आपल्या मुंबईत आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच मुली बालसखी म्हणून नेमल्या, महिना 500 ते 750 रुपयांवर. मागे पडलेली मुलं त्यांनी वर काढली. वडोदऱ्यात संगणकाने गणित जास्त सुधारलं, हे लपवत नाही. पण दर रुपयामागे हिशोब मांडला तर बालसखी कितीतरी स्वस्त पडली. (तेवढ्या पैशात त्या मुलींना राबवणं बरोबर होतं का, हा वेगळा वाद आहे आणि तो घालायला मी तयार आहे.)

आमच्या शाळेला आठ टॅब मिळाले होते. पाच चालतात. दोनांची बॅटरी फुगली, एकाची काच गेली. दुरुस्तीसाठी तालुक्याला न्यायचं म्हटलं, तर त्या दिवशी दोन वर्ग कुणी सांभाळायचे हे त्या मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.