पुढचा ब्रेक आणि व्हॉट्सॲपवरचे गुरुजी

‘ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची लूट थांबवा! एका दिवसात बाईक शिका, घरच्या घरी!’ असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मागच्या आठवड्यात तो आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘शंभर टक्के खरं’ असा शेरा मारून आणि भाचीला टॅग करून. भाची मिरजेत असते. नुकतीच अठराची झाली, लर्निंग लायसन्स निघालंय, घरची स्प्लेंडर दारात उभी आहे. म्हणजे मेसेज नेमक्या पत्त्यावर पोचला. ग्रुपवर वाद घालायचा नाही अशी ताईची तंबी आहे, म्हणून सविस्तर इथे लिहितोय.

मेसेजात सात कलमं आहेत. सायकल येते त्याला बाईक येतेच. क्लास म्हणजे पैशांची नासाडी, काका किंवा मित्र फुकट शिकवतो. पुढचा ब्रेक कधीच दाबायचा नाही, माणूस उलटा पडतो. शिकताना हेल्मेट नको, मागचे आवाज ऐकू येत नाहीत. शिकायला पहाटेच्या मोकळ्या हायवेसारखी जागा नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. आणि पोरांना पंधराव्या वर्षीच शिकवा, लायसन्स काय नंतर निघतंच.

क्रमाने जात नाही. तिसऱ्या कलमापासून सुरू करतो, कारण माझं डोकं तिथेच फिरलं.

‘पुढचा ब्रेक कधीच दाबायचा नाही.’ अहो, मग तो दिलाय कशाला? कंपनीवाले डिस्क बसवतात ती आधी पुढच्या चाकाला बसवतात, ती काय शोभेला? ब्रेक लावला की गाडीचं आणि बसलेल्याचं वजन पुढे सरकतं. पुढचे शॉकअप दबतात, गाडीचं तोंड खाली जातं, हे स्प्लेंडरवरही डोळ्यांनी दिसतं. त्या वेळी पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. जिथे वजन, तिथे पकड. जोरात थांबायची वेळ येते तेव्हा थांबवायची बहुतेक ताकद पुढच्याच चाकात असते, आणि हे गुरुजी सांगतात त्याला हात लावू नका. मग उरला मागचा. कुत्रं आडवं आलं की घाबरलेला माणूस पायावर सगळा जोर देतो, हलकं झालेलं मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं, गाडी मागून सरकायला लागते आणि कुत्र्यापर्यंतचं अंतर संपतं.

गंमत म्हणजे दाजींची स्वतःची गाडीही हा नियम पाळत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, सक्तीचा झाला. त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक. दाजींची स्प्लेंडर त्यानंतरची आहे. तिचा पायातला ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. स्कूटरवर तेच काम डाव्या हातातला ब्रेक करतो. म्हणजे ‘मी आयुष्यात पुढचा दाबला नाही’ असं अभिमानाने सांगणारे दाजी रोज बाजारात जाताना पुढचा ब्रेक लावतात. माणूस नियम मोडेल हे गृहीत धरून सरकारने नियम केल्याची उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यातलं हे एक बरं उदाहरण.

आता यात अर्धं खरं काय आहे तेही सांगतो, नाइलाजाने. पुढच्या ब्रेकने माणूस पडतो. पण कधी? हँडल वळलेलं असताना, वाळूवर, खडीवर, पहिल्या पावसात ऑइल वर आलेल्या डांबरावर, आणि लिव्हर एकदम गच्च आवळला तर. नवशिक्या मैदानात नेमकं हेच करतो. गाडी पायी चालण्याच्या वेगात, हँडल पुरतं वळवलेलं, तोल गेल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप लिव्हर आवळतो. गाडी धपकन आडवी. पाहणारा म्हणतो, ‘सांगितलं होतं ना, पुढचा दाबू नको.’ त्या एका आडव्या पडण्यातून आयुष्यभराचा नियम तयार होतो, आणि पुढे साठच्या वेगात, सरळ कोरड्या रस्त्यावर, जिथे तोच ब्रेक वाचवणार असतो तिथे हात गप्प बसतो.

मग शिकवायचं कसं? गाडी सरळ, हँडल सरळ, वेग वीसच्या आसपास, जमीन कडक आणि कोरडी. मैदानात एक चप्पल ठेवायची. तिच्यापाशी आल्यावर आधी नुसता मागचा ब्रेक लावून गाडी कुठे थांबते ते बघायचं. मग दोन्ही. पुढचा लिव्हर लिंबू पिळल्यासारखा ओढायचा: आधी त्यातली ढिलाई काढायची, शॉकअप दबायला लागले की दाब वाढवत न्यायचा. ज्यांच्या गाडीला जोडब्रेक नाही त्यांना तर दोन थांब्यांतला फरक पावलांनी मोजता येतो. भाचीला मी हेच करायला लावणार आहे, आणि दाजींना शेजारी उभं करून.

‘हे तुझं मत झालं’ असं कोणी म्हणेल म्हणून एक भक्कम दाखला देतो. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. या विषयावर आजही लोक त्याचाच आधार घेतात. त्यात ब्रेकबद्दल काय निघालं? अपघातात सापडलेले बहुतेक चालक मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा फारच कमी वापरत होते. मेसेजातलं तिसरं कलम पाळलं की काय होतं, त्याचा हा पंचनामाच. अपघात टाळायला वेळ किती मिळतो, तर साधारण दोन सेकंदांहूनही कमी. दोन सेकंदांत कोणी विचार करत नाही. हाताला जी सवय लागली असेल तेच हात करतो.

अहवाल जुना आहे, रस्ते परके आहेत, गाड्या मोठ्या होत्या, सगळं मान्य. पण ब्रेक लावल्यावर वजन पुढे जाणं हे मिरजेत काही वेगळं होत नाही.

क्लासच्या कलमालाही तोच अहवाल पुरतो. त्या अपघातांतल्या ९२ टक्के चालकांनी कुठेही रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. स्वतःच शिकलेले, नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून. आणि निम्म्याहून जास्त जणांना ती गाडी हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते. ‘एका दिवसात बाईक शिका’ म्हणणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य परत वाचावं. एका दिवसात गाडी पुढे न्यायला येते. थांबवायला, वळणापलीकडचं ओळखायला, रिक्षावाला आता कुठे घुसणार हे हेरायला महिने जातात.

तरी ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची वकिली मी करणार नाही. मेसेजातली ‘लूट’ अगदीच खोटी नाही. पाटीवर टू-व्हीलर लिहिलेलं असतं आणि आत एक स्कूटर असते, गिअरची गाडी नसतेच. काही ठिकाणी शिकवण्यापेक्षा आरटीओत आठचा आकडा काढून पास कसं व्हायचं यावरच भर. आठ काढता येणं म्हणजे हळू गाडी पाय न टेकता सांभाळता येणं. चांगली गोष्ट आहे, पण त्यात जोरात ब्रेक मारायची वेळच येत नाही. शिवाय नुसत्या प्रशिक्षणाने अपघात नक्की किती कमी होतात, यावर संशोधकांचंही एकमत नाही. म्हणून काका वाईट आणि क्लास चांगला, असं मी म्हणत नाही.

पण काका शिकवतो म्हणजे काय करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मागे बसतो, दोन्ही बाजूंनी हात घालून हँडल स्वतःच धरतो आणि ‘क्लच सोड, हळू सोड, अगं हळू म्हटलं ना’ एवढंच ओरडतो. गाडी झटका देऊन बंद पडते, दोघंही वैतागतात. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला आपण क्लच नेमका कुठे सोडतो हे शब्दांत सांगता येत नाही, कारण त्याच्या लेखी ते केव्हाच हातात गेलंय. काकाच शिकवणार असेल तर त्याने खाली उतरावं. आधी गाडी बंद ठेवून लिव्हर, पेडल, गिअर यांची ओळख. मग सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता नुसता क्लच सोडत गाडी जिथे हलायला लागते ती जागा बोटांना कळेपर्यंत पुन्हा पुन्हा. रस्ता त्याच्या खूप नंतर. आणि रस्त्यावर यायचं तर पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, आणि मागे बसणारा लायसन्सवाला शिकवणाराच. मैत्रिणीला मागे घेऊन सराव चालत नाही, तसा नियमच आहे.

हेल्मेट. यावर शब्द खर्च करायची इच्छा नाही, पण शिकणारा माणूस सगळ्यांत जास्त पडतो, आणि त्यालाच हे लोक सांगतात की डोकं उघडं ठेव. आवाज ऐकू येत नाहीत? हर्टच्या पथकाने तेही तपासलं. हेल्मेटमुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज दबतात किंवा नजर आखूड होते असं काही आढळलं नाही. आणि आपल्याकडचाच आकडा हवा असेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दुचाकीच्या अपघातांत गेली. त्यांतली १४ हजारांवर मागे बसलेली होती. आयएसआय शिक्क्याचं घ्या, पट्टा लावा, विषय संपला.

पहाटेचा हायवे तर कहरच आहे. मोकळा दिसतो म्हणून? रात्रभर चालवून डोळे तारवटलेला ट्रकवाला त्याच वेळी येतो, आणि शेजारून गेलेल्या ट्रेलरच्या वाऱ्याने नवशिक्याची गाडी हलते. तिथे गाडी बंद पडली तर ढकलत न्यायला कडेला जागा असेलच असं नाही. शाळेचं मैदान, बाजार नसलेल्या दिवशीचं बाजाराचं आवार, नवीन प्लॉटिंगमधले रिकामे रस्ते, हे कुठल्याही गावात सापडतं.

सायकलचं कलम निम्मं बरोबर. तोल आणि वळणं सायकलवरून येतात, ज्याला सायकल येत नाही त्याने आधी तीच शिकावी. पण सायकलला क्लच नसतो आणि ती शंभर किलोंच्या वर भरत नाही.

न्यूट्रलचं कलम वाचून एक घाट उतरून बघा, किंवा नकोच. गिअर काढला की इंजिन गाडी रोखून धरायचं बंद करतं, सगळा भार ब्रेकवर, आणि ड्रम तापला की लागेनासा होतो. पेट्रोलही वाचत नाही. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये रेस सोडून उतरत असल्या की साधारणपणे पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं.

राहिलं पंधराव्या वर्षीचं. कायद्यात सोळाव्या वर्षीची सोय आहे, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. स्प्लेंडर ९७ सीसीची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९-अ कलम आलं: अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा नाही. दाजी, धाकटा दहावीत आहे आणि गाडी तुमच्या नावावर आहे.

भाचीसाठी क्लास शोधायचा असेल तर फीच्या आधी एवढं विचारा: गिअरची गाडी आहे का, आणि कोणती, रस्त्यावर नेण्याआधी सराव कुठे देता, हेल्मेट देता की आणायचं, आणि पुढचा ब्रेक कधी शिकवता. शेवटच्या प्रश्नावर ‘तो लागत नाही’ असं उत्तर आलं तर तिथून निघून या, मी मैदानात चप्पल घेऊन उभा आहेच.